दुसऱ्यांदा न आलेला विद्यार्थी

सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या शिक्षणसंस्थांना पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमलाच पाहिजे, हे त्यांतले एक. निकालपत्राने राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या आकड्यांचा आधार घेतला आहे. त्या वर्षी देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि त्यांतल्या २,२४८ जणांच्या मृत्यूचे कारण परीक्षेतले अपयश असे नोंदले गेले. राज्यवार यादीत महाराष्ट्र १,७६४ मृत्यूंसह सर्वांत वर होता. परीक्षेचा ताण म्हटला की सगळे उलगडले असे मानणाऱ्यांनी १३,०४४ आणि २,२४८ हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. उरलेली कारणे घरात, वसतिगृहात, नात्यांत, पैशांत, आजारात आणि अपमानात दडलेली असतात, आणि ती एका साच्यातली नसतात. आता जागा निघतील, बऱ्याच ठिकाणी त्या तासिका तत्त्वावर भरल्या जातील, दारावर पाटी लागेल, आणि त्या पाटीचा फोटो नॅक मूल्यांकनाच्या फायलीत जाईल. माझा प्रश्न त्या पुढचा आहे. त्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाने हे काम कोणाशी बोलून शिकलेले असेल? समुपदेशकाची पदवी, त्याने वाचलेली पुस्तके आणि भरलेले तास आपण मोजतो. त्याला शिकताना कोणकोणत्या तऱ्हेची माणसे भेटली, हे मोजत नाही. माझ्या मते विविधता हा अभ्यासक्रमातला एक धडा नसून तेच प्रशिक्षण आहे, आणि ते देण्याची सर्वांत योग्य जागा महाविद्यालयातले समुपदेशन केंद्र हीच आहे.

मुंबईतला फोर्टापासून माटुंग्यापर्यंतचा पट्टा डोळ्यांसमोर आणा. चौपाटीसमोर विल्सन, धोबीतलावाला झेवियर्स, फोर्टात डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सुरू केलेले सिद्धार्थ, नागपाड्याच्या बाजूला महाराष्ट्र कॉलेज, परळला महर्षी दयानंद, दादरला कीर्ती, माटुंग्याला रुईया आणि खालसा. लोकलच्या मोजक्या स्थानकांच्या या टापूत लालबागच्या गिरणी कामगाराची नात शिकते, मदनपुऱ्यातून उर्दू माध्यमात दहावी झालेली मुलगी शिकते, विरारहून पहाटेची गाडी पकडून येणारा मुलगा शिकतो, भुलेश्वरच्या व्यापाऱ्याचा एकुलता एक मुलगा शिकतो, आणि नंदुरबार-जळगावकडून येऊन वसतिगृहात राहणारा घरातला पहिला पदवीधरही शिकतो. कोणी अंध असतो, कोणी आपण समलिंगी आहोत हे घरी कसे सांगायचे या विवंचनेत असतो. कोणाला यातले काहीच नसते, नुसती झोप लागत नसते. याच शहरात मानसशास्त्रात एम.ए. करणारा प्रशिक्षणार्थी मात्र बहुधा इंग्रजी पुस्तकांतून शिकतो, वर्गातल्याच मैत्रिणीला क्लायंट करून सराव करतो आणि परीक्षेत परदेशी पाठ्यपुस्तकातल्या केसचे विश्लेषण करतो. क्लिनिकल सायकॉलॉजीच्या मान्यताप्राप्त एम.फिल.ला रुग्णालयातली दोन वर्षे सक्तीची असत, पण त्या जागा मोजक्याच. कॉलेजांत समुपदेशक म्हणून रुजू होणारे बहुतेक जण एम.ए. किंवा पदविका घेऊन येतात. नव्या शैक्षणिक धोरणाने एम.ए.च्या पहिल्या वर्षाला प्रत्यक्ष कामाचा अनुभव चार क्रेडिटना बांधला, हे चांगले झाले. पण हा अनुभव कुठे आणि कोणाबरोबर घ्यायचा, हे पुष्कळदा विद्यार्थ्याच्या ओळखीपाळखीवर सोडलेले असते. ज्याची ओळख खासगी क्लिनिकात, तो खासगी क्लिनिकातले लोक पाहतो.

मुंबईला हे नवीन आहे असेही नाही. उलट या शहरात समुपदेशनाची सुरुवातच वेगवेगळ्या माणसांच्या दारात उभे राहून झाली. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी नागपाड्याच्या कामगारवस्तीत नेबरहुड हाउस चालवले, त्याच कामातून १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क, म्हणजे आजची टाटा समाजविज्ञान संस्था, उभी राहिली, आणि लगेच पुढच्या वर्षी तिने देशातले पहिले बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. वर्ग आणि केंद्र एकमेकांना लागून होते. शिकणाऱ्याला वस्ती टाळून शिकताच येत नव्हते. १९४१ मध्ये बाटलीबॉय व्होकेशनल गायडन्स ब्यूरो, १९४७ मध्ये पारशी पंचायतीचा ब्यूरो आणि १९५० मध्ये मुंबई सरकारचा स्वतःचा, अशी व्यवसाय मार्गदर्शनाची केंद्रे याच शहरात एकामागून एक निघाली. त्याही आधी, १९२१ साली, र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले होते. १९२७पासून गिरगावातून निघणाऱ्या ‘समाजस्वास्थ्य’मध्ये ते वाचकांच्या अतिशय खासगी प्रश्नांना मराठीत, नाव न फोडता, सरळ उत्तरे देत. त्या उत्तरांपायी १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला आणि त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. मराठी समुपदेशनाचा इतिहास लिहायचा झाला तर मी तो त्या पत्रव्यवहारापासून सुरू करीन. इतर कोणापाशी उच्चारता येत नसलेली गोष्ट लोक तिथे मांडत होते, आणि उत्तर देणाऱ्याला त्या प्रश्नांच्या भाषेतच विचार करावा लागत होता.

परळच्या केईएम रुग्णालयातले उदाहरण आणखी बोलके आहे. तिथल्या मानसोपचार विभागाचे प्रमुख डॉ. एन. एस. वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पतंजलीच्या योगसूत्रांतल्या कल्पनांवर आधारलेली उपचारपद्धती महापालिका रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांवर तपासली आणि १९६६पासून पुढे ब्रिटिश व अमेरिकी नियतकालिकांत तिच्यावर शोधनिबंध लिहिले. १९७३च्या निबंधाच्या लेखकांपैकी दिलीप जेस्ते पुढे अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनचे अध्यक्ष झाले. ती पद्धती आज किती टिकेल हा वेगळा वाद आहे, आणि योगाचे नाव काढताच सगळे देशी ते उत्तम मानणाऱ्यांच्या पंगतीला मला बसायचे नाही. मला महत्त्वाची वाटते ती कामाची रीत. समोर आलेला रुग्ण पुस्तकातल्या रुग्णासारखा नाही हे त्यांनी मान्य केले, पद्धत बदलून पाहिली, तुलना केली आणि निष्कर्ष छापून टीकेला खुला ठेवला. पुढे या सगळ्याच्या वाटा फुटल्या असे दिसते. मानसोपचार रुग्णालयात राहिला, व्यवसाय मार्गदर्शन कलचाचणीपुरते उरले, आणि कॉलेजातला विद्यार्थी या दोहोंच्या मधल्या फटीत राहिला.

आता पुरावा. अमेरिकेतल्या स्टॅन्ली सू यांनी १९७७ साली सिअ‍ॅटल परिसरातल्या १७ मानसिक आरोग्य केंद्रांच्या नोंदी तपासल्या. अल्पसंख्य समाजांतले जवळजवळ निम्मे लोक पहिल्या भेटीनंतर परत आलेच नव्हते. गोऱ्या लोकांत हे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होते. केंद्र उघडे होते, तज्ज्ञ हजर होता, तरी माणूस दुसऱ्यांदा फिरकला नाही. ग्रिनर आणि स्मिथ यांनी २००६ मध्ये ७६ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा संस्कृतीला जुळवून घेतलेले उपचार मध्यम प्रमाणात अधिक गुणकारी ठरले, आणि क्लायंटच्या स्वतःच्या भाषेत केलेल्या उपचारांचा गुण इंग्रजीतल्या उपचारांच्या दुप्पट निघाला. हे पुरावे अमेरिकेतले आहेत, तिथल्या वंशभेदाचे गणित आपल्या जातिभेदाला जसेच्या तसे लागू होत नाही, हे मान्यच. पण त्यातून निघणारी तपासणी आपल्याकडे उद्यापासून करता येते, आणि तिला दमडी लागत नाही. पहिल्या भेटीला आलेल्यांपैकी दुसऱ्या भेटीला किती आले, आणि न आलेले कोणत्या माध्यमातले, कोणत्या भागातले, कोणत्या शाखेचे होते? वार्षिक अहवालात ‘एकूण इतक्या विद्यार्थ्यांनी लाभ घेतला’ हे वाक्य हमखास असते, पण मी पाहिलेल्या अहवालांत हा दुसरा आकडा नव्हता. आलेल्यांची संख्या केंद्राचा प्रचार किती झाला ते सांगते. परत आलेल्यांची संख्या समोर बसलेल्याला किती समजले ते सांगते.

न समजणे म्हणजे काय, हे एका सरावाच्या केसवरून दाखवतो. समजा, नायगाव किंवा ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीतली दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आली आहे. जुन्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, शौचालय मजल्याला सामाईक, घरात पाच माणसे. ती म्हणते, “मॅडम, घरी डोकं भणभणतं. आजीचा टीव्ही, बाबांची ड्युटी रात्रीची, ते दिवसा झोपतात, मग दिवा लावायचा नाही, बोलायचं नाही. मी काही बोलले की आई म्हणते, तुलाच काय ते टेन्शन.” पुस्तकात मुरलेला प्रशिक्षणार्थी कागदावर लिहितो: कुटुंबात सीमारेषा धूसर, ठामपणाचा अभाव, ‘नाही’ म्हणण्याचा सराव द्यावा. वाक्यावाक्याला पुस्तकाचा आधार आहे आणि तरी मजकूर साफ चुकला आहे. त्या खोलीत सीमारेषा भिंतीने आखली जात नाही; ती वेळेने, आवाजाच्या पट्टीने, पाठ करून बसण्याने, गॅलरीत कोण कधी उभे राहणार याच्या न बोललेल्या कराराने आखली जाते. ते करार या मुलीला तोंडपाठ आहेत. आता नेमका कोणता करार मोडला, रात्रपाळी कधीपासून लागली, आजी कधी आली, वाचनालयात जागा मिळते का, हे विचारले तर केस उलगडते. तिला ‘आई-वडिलांशी ठामपणे बोल’ असे सांगून पाठवले तर ती मान डोलावेल, आभार मानेल आणि परत येणार नाही. करोनाच्या काळात समुपदेशन फोनवर गेले तेव्हा हीच गोष्ट उघडी पडली. ऑनलाइन सेशनची सारी मांडणी बंद दार गृहीत धरते. ज्याच्या घरी बंद करण्याजोगे एकच दार आहे, त्याने बोलायचे कुठून? जिन्यात, गच्चीवर, की गॅलरीत शेजारच्या काकूंच्या समोर? मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ गोपनीयतेचा हक्क देतो. तो हक्क चाळीत बजावायचा कसा, हे कायद्यात लिहिलेले नसते. ते प्रशिक्षणात शिकवावे लागते आणि चाळीतल्या क्लायंटकडूनच शिकावे लागते.

चाळीबद्दल निदान बोलता येते. गोष्ट जातीपाशी आली की समुपदेशनाची खोली अवघडून जाते. मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या, जळगाव जिल्ह्यातून आलेल्या आदिवासी तडवी समाजातल्या डॉ. पायल तडवी यांचा २२ मे २०१९ रोजी मृत्यू झाला. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा कुटुंबाचा आरोप आहे आणि प्रकरण न्यायालयात आहे, म्हणून त्याबद्दल निकाल देण्याचे काम माझे नाही. त्याच वर्षी त्यांच्या आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला या दोघींनी उच्च शिक्षणातल्या जातिभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्याआधी, २००७ मध्ये, सुखदेव थोरात यांच्या समितीने दिल्लीच्या एम्समधल्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वेगळ्या वागणुकीचा अहवाल दिला होता. सांगायचे ते हे की, अशा वातावरणातून आलेली मुलगी ‘झोप लागत नाही, वॉर्डात जावंसं वाटत नाही’ म्हणते, तेव्हा तिला श्वसनाचे व्यायाम शिकवून परत त्याच वॉर्डात पाठवणे हा उपचार होत नाही. त्रास डोक्यात किती आणि डोक्याबाहेर किती, याचा अंदाज घेणे हे समुपदेशकाचे पहिले काम. २०२५च्या मार्गदर्शक तत्त्वांत अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास, आर्थिक दुर्बल, अपंग आणि एलजीबीटीक्यू विद्यार्थ्यांशी संवेदनशीलतेने वागण्याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्यावे असे म्हटले आहे. भीती एवढीच की त्याचे रूपांतर एका दुपारच्या कार्यशाळेत होईल: चहा, बिस्किटे, पॉवरपॉइंट आणि प्रमाणपत्र.

यावर एक आक्षेप ज्येष्ठ समुपदेशकच घेतात, आणि तो हलका नाही. समुपदेशक कार्यकर्ता झाला तर ऐकणार कोण? प्रत्येक दुःखाला समाजव्यवस्थेचे लेबल लावले की त्या माणसाचे स्वतःचे दुःख हरवते. दलित विद्यार्थ्यालाही साधा प्रेमभंग होतो, मुसलमान मुलीलाही साधे परीक्षेचे टेन्शन येते. मला हा आक्षेप शंभर टक्के पटतो, आणि तो माझ्याच बाजूचा आहे. समाजाबद्दल फक्त पुस्तकातून शिकलेला प्रशिक्षणार्थीच समोरच्यात ‘नमुना’ पाहतो. एका समाजातली दहा निरनिराळी माणसे भेटली की नमुना आपोआप मोडतो. दुसरा आक्षेप वरवर याच्या उलटा, पण त्याच मुळातून आलेला: मग ज्या त्या समाजाचा समुपदेशकच नेमा ना! हा वाद परळला जुना आहे. सेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी वैद्यकीय महाविद्यालयासाठी देणगी देताना अध्यापक भारतीयच असावेत ही अट घातली होती, आणि १९२६ साली त्या महाविद्यालयाला जोडलेले केईएम त्या अटीसह सुरू झाले. ती अट योग्य होती, कारण प्रश्न बंद दारे उघडण्याचा होता. आजही समुपदेशकांत दलित, आदिवासी, मुसलमान, क्विअर माणसे कितीतरी वाढली पाहिजेत. पण जोडी जुळवण्याने उपचाराला गुण येतो का? कॅब्राल आणि स्मिथ यांनी २०११ मध्ये या विषयावरचे अभ्यास एकत्र केले, तेव्हा क्लायंटना आपल्यातला समुपदेशक हवासा वाटतो हे ठळक दिसले, पण उपचाराच्या फळात जवळजवळ फरक पडला नाही. तेव्हा विद्यार्थ्याने मागितले तर निवड द्यावी, ती त्याच्या विश्वासाची बाब आहे. पण कोणासमोरही बसता येणे ही जबाबदारी प्रत्येक समुपदेशकाची. शिवाय आपल्याकडे आणखी एक व्यवहारी अडचण आहे. छोट्या गावातून आलेल्या मुलीला आपल्याच समाजातला समुपदेशक नकोही असतो, कारण बातमी मामाच्या घरी पोचायला किती वेळ लागणार!

सर्वांत कडक आक्षेप मात्र तिसरा आहे. प्रशिक्षणार्थींना कॉलेजच्या केंद्रात बसवायचे म्हणजे गरीब मुलांवर हात साफ करून घ्यायचे, आणि हात साफ झाला की वांद्र्यात तासाला हजारो रुपये घेणारे क्लिनिक काढायचे. महापालिका रुग्णालयांबद्दलही हे बोलले जाते आणि त्यात तथ्य आहे. पण केईएममध्ये शिकाऊ डॉक्टर रुग्ण तपासतो तेव्हा त्याच्या डोक्यावर रजिस्ट्रार असतो, त्याच्यावर लेक्चरर, त्याच्यावर युनिटचा प्रमुख, आणि राउंडला ‘पेशंटला नीट विचारलं होतंस का?’ हा प्रश्न चारचौघांत होतो. शिकाऊपणा धोक्याचा नसतो, एकटेपणा धोक्याचा असतो. आज तासिका तत्त्वावरच्या समुपदेशकाला पदवी असते पण वरचा माणूस नसतो. चुकले तर सांगणारे कोणी नाही, घाबरले तर विचारायला कोणी नाही. जीव देण्याची भाषा करणारा विद्यार्थी संध्याकाळी पाच वाजता समोर बसला, तर नायर किंवा केईएमच्या मानसोपचार विभागात कोणाला फोन करायचा हेही पुष्कळदा ठरलेले नसते. त्यापेक्षा चार प्रशिक्षणार्थी आणि त्यांची केस आठवड्याला शब्दशः ऐकणारा एक अनुभवी पर्यवेक्षक ही रचना विद्यार्थ्यासाठी अधिक सुरक्षित आहे. अट दोन्हीकडून हवी: अवघड केस पर्यवेक्षकाने स्वतः घ्यायची आणि प्रशिक्षणार्थीने आपण शिकतो आहोत हे विद्यार्थ्याला आधी सांगायचे.

‘मन सगळ्यांचे सारखेच’ म्हणणाऱ्यांसाठी मला फार वेळ घालवायचा नाही. मन सारखे असेलही, पण ते उघडायची किल्ली सारखी नसते. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात १९९० साली सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेचे मराठीतले काम पाहिले तर विवेकनिष्ठ उपचारासारखी परदेशी पद्धतही इथल्या भाषेत किती सहज वावरते ते कळते. पद्धत टाकून द्यायची गरज नाही, ती इथल्या माणसांसमोर वापरून घासून घ्यावी लागते.

मग करायचे काय, तर प्रशिक्षणार्थीच्या नोंदवहीत तासांच्या रकान्याशेजारी आणखी रकाने हवेत: किती सेशन मराठीत, किती हिंदी-उर्दूत, किती वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांबरोबर, किती जण दुसऱ्यांदा आले. जात-धर्माची नोंद विद्यार्थ्याने स्वखुशीने दिली तरच, आणि ती नावापासून तोडून, वर्षाअखेर फक्त बेरजेत. प्रवेशाच्या फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ विचारतात तसे ‘घरी निवांत बोलता येईल अशी जागा आहे का, फोन कोणाकोणाच्या हातात असतो, निरोप कुठे ठेवायचा’ हेही विचारता येईल. मुंबई विद्यापीठाच्या उपयोजित मानसशास्त्र विभागाच्या नावातच समुपदेशन केंद्र आहे. एसएनडीटी महिला विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग चर्चगेटला आहे. केईएम आणि नायर हाकेच्या अंतरावर आहेत. २०२१च्या कायद्याने समुपदेशकांसह संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाची चौकट आणली आहे, तिचे अभ्यासक्रम ठरताना हे रकाने मागायला हवेत. पैशांचा प्रश्न खरा आहे, पण तो पर्यवेक्षकाच्या तासापाशी येऊन अडतो. प्रशिक्षणार्थी स्वस्तात मिळतो, खोली असतेच. पर्यवेक्षणाचा तास मात्र कोणाच्याच कामाच्या भारात धरला जात नाही, म्हणून तो होत नाही. विद्यापीठाने तो तास अध्यापनाचा तास मानला तर नवे पद न काढताही अर्धे काम होईल.

आणि केंद्राची वेळ. ती सहसा अकरा ते चार असते. सकाळचे वर्ग आटोपून दुपारी दुकानात, कॉल सेंटरला किंवा डिलिव्हरीच्या कामाला जाणारा विद्यार्थी या वेळेत कॉलेजात नसतोच, आणि रात्रीच्या वर्गांना येणारा तर अजून ऑफिसातून निघालेला नसतो. या भागातली कॉलेजे नोकरी करून शिकणाऱ्यांमुळेही वाढली. आठवड्यातले दोन दिवस केंद्र सकाळी साडेसातला आणि दोन दिवस रात्री आठपर्यंत उघडे ठेवले, तर प्रशिक्षणार्थीला आजवर न भेटलेला एक अख्खा वर्ग भेटेल. त्यासाठी न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही, शिपायाची पाळी बदलावी लागते.